अडीच बोटं

पोफळीच्या वीजघराच्या कॉलनीतल्या प्रत्येक क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या उजव्या हाताला, भिंतीत एक कोनाडा होता. सरकारी नकाशात तो काय म्हणून दाखवला होता कोण जाणे, पण तो देवांसाठीच आहे असं झाडून सगळ्या घरांनी धरून टाकलं होतं. कोणाकडे त्यात गणपती, कोणाकडे विठोबा-रखुमाई, देशावरून आलेल्यांकडे खंडोबाचा टाक. आमच्या कोनाड्यात एक टेस्ट लॅम्प होता. म्हणजे होल्डरमध्ये बसवलेला साधा बल्ब आणि त्यातून निघालेल्या दोन वायरी, टोकं सोललेली. तारेत वीज खेळते आहे की नाही ते बघायला वायरमन वापरतात तो. त्याच्या शेजारी फ्यूजच्या तारेचं रीळ, एक बॅटरी आणि आईची मिठाची बरणी. गंमत अशी की घरात काही बिघडलं तर माझे वडील, म्हणजे अण्णा, कामावरून दुसरा टेस्ट लॅम्प घेऊन यायचे. कोनाड्यातल्याला ते हात लावत नसत. आई मात्र शनिवारी घर झाडताना त्या बल्बवरची धूळ पदराने पुसून घ्यायची आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायची. आम्ही मुलं ते बघतच मोठी झालो, त्यामुळे त्यात काही विचारण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

शेजारी नव्या काकू राहायला आल्या तेव्हा साखर मागायच्या निमित्ताने त्यांनी आमचं स्वयंपाकघर नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमचे देव कुठं ठेवलेत हो?" अण्णा चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "गावाला. त्यांची बदली नाय झाली अजून." काकूंनी ते खरंच मानलं असावं, कारण पुढची दोन-तीन वर्षं त्या अधूनमधून आईकडे देवांच्या बदलीची चौकशी करीत असत. आम्ही स्वतःला नास्तिक वगैरे कधी म्हणवून घेतलं नाही. "तो शब्दसुद्धा तपासल्याबिगर बोलायचा नाय," असं अण्णांचं म्हणणं. घरात पूजा नव्हती, उपास नव्हते, सत्यनारायण नव्हता आणि त्याबद्दल भांडणही नव्हतं. गणपतीत आमच्याकडे मूर्ती नसायची, त्यामुळे सगळ्या आळीला आमची दया यायची आणि अकरा घरांतून मोदक यायचे. अण्णा ते मिटक्या मारत खायचे आणि म्हणायचे, "प्रसादाशी माझं काय एक भांडण नाय." आईला कोणी छेडलं तर ती म्हणायची, "मला बाई वेळच झाला नाही देवाला." पण घावणे घालताना पहिलं घावण ती बाजूला काढून ठेवायची. कोणासाठी, असं विचारलं तर म्हणायची, "तव्यासाठी."

त्या घरातले आवाज मला आजही वेगवेगळे ऐकू येतात. पहाटे पाळीच्या बसचा भोंगा, मग तव्यावर घावणाचं पीठ पडल्याचा चर्रकन आवाज, आणि सगळ्याच्या खाली, कान दिला तरच कळेल असा, वीजघरातून सुटून वाशिष्ठीकडे निघालेल्या पाण्याचा. उन्हाळ्यात सगळीकडच्या नद्या आटायच्या, आमची मात्र वाहत राहायची. अधूनमधून जमीन हलायची. मांडणीवरची भांडी किणकिणली की सगळी कॉलनी अंगणात यायची, शेजारच्या काकू रामरक्षा म्हणू लागायच्या आणि अण्णा घड्याळाकडे बघत सेकंद मोजायचे. थांबलं की दोघंही एकाच वेळी "झालं" म्हणायची. अण्णा कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. दर तासाला मीटरवरचे आकडे लॉगबुकात उतरवणं हे त्यांचं काम. आकडा काल तोच होता, परवा तोच होता, तरी स्वतः समोर उभं राहून डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते लिहीत नसत. त्यांचे सोबती त्यावरून त्यांची टिंगल करायचे. "बघितलं ते लिवायचं, ऐकलं ते नाय," एवढंच त्यांचं उत्तर असे.

अण्णा तसे शांत माणूस. त्यांनी आमच्यावर हात उगारलेला मला आठवत नाही. पण घरात एका गोष्टीला सक्त बंदी होती, ती म्हणजे शपथेला. एकदा कपबशी फुटली आणि मी पटकन म्हणून गेले, "देवाशप्पत, मी नाही फोडली." मी खरंच फोडली नव्हती. अण्णा जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "नाय फोडलीस तर नाय म्हण. शपथ कशाला हवी?" असं हळू आवाजात म्हणाले आणि ताटावरून उठले. कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी, त्यांच्या आवडीचं जेवण तसंच राहिलं. आईने मला डोळ्यांनी गप्प बसवलं. देवाशपथ, आईशपथ, गळ्याशपथ, ज्यांच्यावर कॉलनीतल्या मुलांचा सगळा व्यवहार चालायचा, त्या आमच्या घरात अशा वर्ज्य होत्या. का, ते कोणी सांगितलं नव्हतं.

वर्षातून एकदा हर्ण्याहून महादूकाका यायचे. अण्णांचे जुने दोस्त. अण्णा पोफळीला येण्याआधी दुसरीकडे कुठेतरी लहानशा सबस्टेशनात होते, तिथे महादूकाका वायरमन होते. त्यांचा उजवा हात कोपराखाली नव्हता. सदऱ्याची बाही दुमडून पिनेने टाचलेली असायची. हात मशीनमध्ये गेला, असं आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं. आता ते भावाच्या होडीवरची मासळी सुकवून विकायचे. येताना आईसाठी सुकटीची आणि बोंबलांची पिशवी आणायचे, तिच्या वासाने मांजरांची अख्खी फौज दारात जमायची. हा माणूस आला की घरात हसण्याचा नुसता धुमाकूळ. जेवायला बसले की अण्णा त्यांच्या शेजारी बसून माशातले काटे काढून द्यायचे, भाकरी मोडून द्यायचे आणि जेवण झालं की त्यांचं ताट स्वतः धुवायचे. आईला धुऊ देत नसत. दोस्ती असावी तर अशी, असं मला वाटायचं.

मी आठवीत असताना आमच्या शाळेत भाटकरबाई आल्या. मूळच्या रत्नागिरीच्या, खाडीकाठच्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. गळ्यात तुळशीची माळ आणि तिच्यावरच शिट्टीची दोरी. गुरुवारचा त्यांचा कडक उपास असायचा आणि त्या दिवशी त्या जास्त रागवायच्या. त्यांनी आल्या आल्या गाईडचं पथक काढलं. फुलांच्या नावांचे आमचे संघ होते. मी अबोली संघात आणि माझी मैत्रीण नफीसाही त्यातच. नफीसाचे वडील आखातात होते आणि ती कॉलनीच्या बाजारात दुकान चालवणाऱ्या मामांकडे राहायची. दोरीच्या गाठी, जखमेला पट्टी बांधणं, तीन दगडांची चूल मांडून वाऱ्यात ती पेटवणं, सगळ्यात आम्ही दोघी पुढे. मला तर वेडच लागलं होतं. आकाशी फ्रॉक आईने शिवला, पण गळ्यातला स्कार्फ मात्र आपण घालायचा नसतो, तो दीक्षाविधीत बाईंनी घालायचा असतो. आणि दीक्षा झाली की रत्नागिरीच्या मेळाव्याला जायला मिळणार होतं, तीन दिवस, तंबूत, समुद्राच्या काठी. जिल्हा रत्नागिरी, पण मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. आज हे सांगितलं तर माझी नात विश्वास ठेवत नाही.

दीक्षेच्या वेळी वचन म्हणायचं असतं. उजव्या हाताची तीन बोटं उभी धरायची, करंगळी अंगठ्याखाली दाबायची. तीन बोटं म्हणजे वचनाचे तीन भाग. पहिल्यात ईश्वर आणि देश यांच्याविषयीचं कर्तव्य, दुसऱ्यात इतरांना मदत, तिसऱ्यात गाईडचे नियम पाळणं. आणि हे सगळं स्वतःच्या शीलावर. मी ते एका दुपारी स्वयंपाकघरात घोकत होते. पहिली पाळी संपवून अण्णा दारात चपला काढत होते. ते तसेच उभे राहिले.

"परत म्हण बघू, बाय."

मी परत म्हटलं, तीन बोटं उभी धरून.

"शीलावर म्हणजे आपल्या स्वतःच्या जिवावर. ते ब्येस हाय," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या कोणाला जामीन ठेवलेला नाय. पण मग पहिलं जे हाय, ईश्वराचं कर्तव्य, ते तू काय करणार?"

"सगळ्या मुली म्हणतात ते," मी म्हटलं.

"त्यांच्या घरी देव हाय. त्यांना ते खरं वाटतं, त्यांनी म्हणावं. तुला खरं वाटत असेल तर तूपण म्हण. मी अडवणार नाय." आणि हातपाय धुवायला गेले.

ते मला अडवते तर बरं झालं असतं. मी रडले असते, आईने मध्यस्थी केली असती, दोन दिवसांत प्रकरण मिटलं असतं. पण त्यांनी ते माझ्याच अंगावर टाकलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीला याहून मोठी शिक्षा नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं. मी तपासायचं ठरवलं. जवळच्या गावच्या ग्रामदेवीच्या देवळात एकटी जाऊन बसले. शेणाने सारवलेली जमीन पायाला गार लागत होती, तेलाचा आणि झेंडूचा वास होता, कौलातून आलेला उजेडाचा एक कवडसा देवीच्या पायाशी पडला होता. मला ते सगळं फार आवडलं. आवडलं म्हणून आणखी बसले. पण जे घडेल असं वाटलं होतं ते काही घडलं नाही. मी नफीसाला विचारलं, "तू वचन म्हणतेस तेव्हा ते कोणाला सांगतेस?"

"अल्लाला," ती म्हणाली. "ईश्वर म्हटलं तरी त्याला समजतं गो. तेवढं कळतं त्याला." मग जरा वेळाने म्हणाली, "तू नुसते ओठ हलव. मेळाव्याला तू नसलीस तर मी कोणाबरोबर झोपू तंबूत?"

ओठ हलवायला मी तयार झाले होते, खोटं कशाला बोलू? पण गाईडचा पहिलाच नियम विश्वासूपणाचा. तो पाळायचं वचन खोटं बोलून द्यायचं, हे माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. शेवटी मी बाईंना जाऊन सांगून टाकलं.

बाईंचा चेहरा उतरला. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. "देवाचं नाव घ्यायला जड जातं तुला?" त्या म्हणाल्या. "अगो, ज्यानं हे सगळं दिलं त्याचं?" त्यांनी मला वर्गात जायला सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत आणि रविवारी दुपारी, हातात गाईडचं पुस्तक घेऊन, थेट आमच्या दारात हजर झाल्या.

आईने घावणे घातले, नारळाचा रस काढला. बाई पाटावर बसल्या, अण्णा उंबऱ्याशी, मी दाराआड. बाईंनी पुस्तक उघडून बारीक अक्षरातली एक सूचना दाखवली. ईश्वर म्हणायचं नसेल तर त्या जागी धर्म म्हणायला मुभा होती. रात्र रात्र जागून शोधलं असावं इतका त्यांना आनंद झाला होता. "घ्या. सुटला की नाही प्रश्न?"

अण्णा ओशाळले. "बाई, तुम्ही पोरीसाठी एवढं केलंत. पण धर्म तरी कुठाय आमच्याकडं? घरात भांडंच नाय, त्याला नाव कुठलं का द्या."

"एका शब्दाचा एवढा हट्ट?" बाईंचा आवाज चढला. "पोर चूल सगळ्यांत आधी पेटवते. पोरीचा जीव अडकलाय त्या मेळाव्यात. नियम मी केलेला नाही, पूर्ण वचनाशिवाय मला तिला नेता येत नाही. आणि तुम्ही..." बोलता बोलता त्यांची नजर कोनाड्याकडे गेली. "आणि देवाच्या जागी हे काय ठेवलंय?"

आईने तव्याखालचा जाळ कमी केला.

"तो महादूचा टेस्ट लॅम्प," अण्णा म्हणाले. "माझा दोस्त. मी तेव्हा बावीस वर्षांचा, सबस्टेशनात बोर्डावर. महादू खांबावर चढणार होता. खालून वरडला, लाइन बंद हाय ना? आधीच्या पाळीचा माणूस मला सांगून गेलेला, बंद केलीय म्हणून. मी बघितलं नव्हतं. आळस केला, दुसरं काय. मी म्हटलं, हाय बंद. महादू टेस्ट लॅम्प काढत होता खिशातून. बघून घेतो म्हणाला. मी हसलो. म्हटलं, देवाशपथ सांगतो, बंद हाय. तेव्हा त्यानं तो परत खिशात घातला." अण्णांनी स्वतःच्या उजव्या कोपराला हात लावला. "देवाचं नाव ऐकलं म्हणून त्यानं तपासायचं सोडलं, बाई. माझं नुसतं 'हो' असतं तर त्यानं बघितलं असतं."

दाराआड उभी राहून मी हे ऐकत होते. माशातले काटे, मोडून दिलेली भाकरी, ताट धुणारे अण्णा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. इतकी वर्षं मी त्या गोष्टीला दोस्ती समजत होते. ती दोस्तीही होतीच. महादूकाका दर वर्षी येत होते, यातच ते आलं.

"देवावर माझा राग नाय," अण्णा म्हणाले. "तो हाय का नाय, मला खरंच म्हायत नाय. पण त्याच्या नावावर मी एकदा न बघितलेलं बोललोय. पुन्हा माझ्या घरातून तसं कोणी बोलू नये, एवढंच."

बाईंनी पुस्तक मिटलं. पानातलं घावण गार झालं होतं, ते त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. जाताना आईला म्हणाल्या, "जाळी छान पडलीय घावणाला."

दीक्षाविधी शाळेच्या मैदानावर होता. ध्वजाभोवती घोड्याच्या नालेसारख्या आकारात आम्ही उभ्या. जिल्ह्याहून एक साहेब आले होते, कडक इस्त्रीचे. पालक पलीकडे बाकांवर, त्यांत आई तिच्या ठेवणीतल्या लुगड्यात. एकेक मुलगी पुढे जात होती, वचन म्हणत होती, स्कार्फ घालून परतत होती. नफीसा परतताना माझ्याकडे बघून ओठ हलवून दाखवत होती. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा बाईंनी ते का पुकारलं, हे मला कळेना. मी काय करणार आहे ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि मला तरी कुठे ठाऊक होतं?

मी पुढे गेले. बाईंनी विधीतला ठरलेला प्रश्न विचारला, "शील म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?"

ठरलेलं उत्तर मी दिलं. "हो बाई. मी खरं बोलते असा माझ्यावर विश्वास ठेवता येतो."

"मग वचन दे."

मी हात वर केला. आणि तेव्हा माझ्याकडून जे झालं ते आमच्याच घरातल्या मुलीकडून होऊ शकलं असतं. इतरांना मदत, हे मला येत होतं. एक बोट. नियम पाळणं, तेही मान्य. दुसरं बोट. राहिलं पहिलं. त्यात ईश्वर आणि देश दोघं. देशाचं कर्तव्य करायला माझी काहीच हरकत नव्हती, ते बोट सबंध मिटून टाकणं म्हणजे देशावर अन्याय. म्हणून मी तर्जनी मधल्या पेरात वाकवली आणि अर्धीच उभी ठेवली. अडीच बोटं. जेवढं खरं तेवढीच नोंद.

मुलींमध्ये खसखस पिकली. साहेब पुढे झाले. "काय चाललंय हे?"

"दीक्षाविधी चाललाय, साहेब," बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तीन बोटं, सुलभा."

"बाई, मला अडीचच देता येतात." मी म्हटलं. "अर्ध्याचं मला अजून माहीत नाही."

मैदानावर इतकं शांत झालं की खालच्या पाण्याचा आवाज येऊ लागला. बाई माझ्या वाकलेल्या बोटाकडे बघत होत्या. आज मी त्यांच्या त्या वयाहून कितीतरी मोठी आहे, आणि त्या क्षणी त्यांच्या मनात काय काय झालं असेल याचा विचार आला की मला भरून येतं. वरचे साहेब समोर उभे. नोकरी नवीन. गळ्यात तुळशीची माळ. त्या माळेवर त्यांचा जेवढा विश्वास होता, तेवढा माझा आजवर कशावरही बसलेला नाही.

त्यांनी आपली तर्जनी माझ्या बोटाखाली घातली आणि ते हळूच सरळ केलं. तसंच धरून ठेवलं. "हे अर्धं माझ्याकडे," त्या म्हणाल्या, आणि तो मैदानाच्या टोकाला पोचणारा आवाज होता. "त्याचा जबाब मी देईन. बाकीचं तू बोल."

मी देशाचं बोलले, मदतीचं बोलले, नियमांचं बोलले. ईश्वराचं तेवढं बाई बोलल्या, माझं बोट हातात धरून. मग त्यांनी माझ्या गळ्यात स्कार्फ घातला आणि टेबलावरच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे सही केली. साहेबांनी घसा खाकरला, पण पुढचं नाव पुकारून झालं होतं.

अण्णा कुंपणाशी उभे होते. पाळीच्या बसमधून उतरून तसेच, कामाच्या कपड्यांत आलेले. कार्यक्रम संपल्यावर ते बाईंपाशी गेले. मी मागेच होते.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही न बघता सही केलीत."

"बघितलंय मी," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी. घावण खाताना."

अण्णा आमच्याबरोबर घरी आले. फाटकाची कडी काढताना म्हणाले, "बाई पुरती कडक हाय." त्यांच्या तोंडून कोणाची याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही.

मेळाव्याला मी गेले. समुद्र पाहिला, नाकातोंडात खारं पाणी जाईपर्यंत पाहिला. पण मला जास्त आठवते ती संध्याकाळची सर्वधर्म प्रार्थना. वाळूत दोनेकशे मुलं-मुली गोल करून बसली. प्रत्येक धर्माची प्रार्थना त्या त्या मुलांनी म्हणायची, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायची. मी कुठे बसावं ते न कळून उभी होते. बाई आल्या. "चुली पेटलेल्या आहेत. सगळ्यांनीच डोळे मिटले तर बघणार कोण? ते काम तुझं." त्या तीनही संध्याकाळी मी चुलींपाशी डोळे उघडे ठेवून उभी राहिले. म्हणून त्या प्रार्थना बाकीच्यांनी ऐकल्या आणि मी पाहिल्या. नफीसाचे वर धरलेले तळवे पाहिले. सगळ्या जगाला दरडावणाऱ्या भाटकरबाईंचा चेहरा डोळे मिटल्यावर लहान मुलीसारखा होतो, हेही पाहिलं. अण्णांच्या घरात वाढले म्हणून माझं काही हुकलं असं मला पुढे आयुष्यात फारसं वाटलं नाही. त्या संध्याकाळी मात्र वाटलं. जाळ तोंडावर येत होता आणि मी माणसं बघत होते.

पुढच्या वर्षी महादूकाका आले तेव्हा काटे काढायला मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग अण्णांकडे बघितलं. "सांगितलंस वाटतं पोरीला," ते म्हणाले. "बरं झालं. मेल्याला काटे नीट काढताच येत नाहीत. इतकी वर्षं गिळतोय." अण्णा हसले, आणि हसता हसता उठून मोरीत गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

बाई निवृत्त होऊन रत्नागिरीला भावाच्या घरी राहायला गेल्या. मी प्रयोगशाळेत रक्त तपासायची नोकरी केली, बघितलं तेच लिहीत राहिले, माझीही निवृत्ती झाली. अण्णा गेले, आई गेली. टेस्ट लॅम्प आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. बाई फार आजारी आहेत असं नफीसाने फोनवर कळवलं, तेव्हा मी एसटीने रत्नागिरीला गेले. खिडकीतून खाडी दिसत होती. बाई खाटेवर इतक्या लहान झाल्या होत्या की पांघरुणाखाली कोणी आहे असं वाटेना. माळ तेवढी तीच. त्या माणसं विसरत चालल्या होत्या, भाच्यांची नावं चुकवत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हात वर कर."

मी तीन बोटं उभी केली. म्हणजे करायला गेले. संधिवाताने माझी तर्जनी आता मधल्या पेरापासून सरळ होत नाही.

"अजून अर्धंच?" बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. त्यांनी पांघरुणातून हात काढला, ते वाकडं बोट धरलं. सरळ करायची ताकद त्यांच्यात नव्हती आणि माझ्या बोटातही नव्हती. नुसतंच धरून ठेवलं. "माझ्याकडचं अर्धं आहे हां नीट," त्या म्हणाल्या. "वर गेल्यावर पहिलं तेच काढणार. म्हणणार, या पोरीचा जबाब माझ्याकडे आहे, ऐकून घे."

त्यानंतर आठवड्याने त्या गेल्या.

त्या भेटीहून परतताना एसटीत मी बोट दुसऱ्या हातात धरून बसले होते. वर कोणीतरी असावं, असं मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं. माझ्यासाठी नव्हे, बाईंसाठी. इतकी वर्षं जपून ठेवलेला जबाब घेऊन त्या जातील आणि तिथे ऐकायला कोणी नसेल, हे मला सहन होईना. असं वाटलं, एवढंच लिहिते. बघितलेलं नाही.